वॉर्डातले पहिले दिवस: गोव्यात क्लिनिकल पोस्टिंग सुरू करणाऱ्यांसाठी

एमबीबीएसचे पहिले वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तीन विषयांत संपते आणि मग एका सोमवारी सकाळी, नवा कोरा अॅप्रन घालून, पंधरा-वीस जणांच्या घोळक्यात आपण वॉर्डाच्या दाराशी उभे असतो. आत गेल्यावर कोणाला भेटायचे, कुठे उभे राहायचे, रुग्णाला हात लावायचा की नुसते पाहायचे, यांपैकी काहीही कोणी सांगितलेले नसते. हा लेख त्या सकाळपासून पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डात रुग्णांजवळ राहून शिकण्याच्या काळाच्या, शेवटच्या दिवसापर्यंतच्या कामांविषयी आहे. मी साताऱ्याकडून गोव्यात शिकायला आलो. त्यामुळे मराठीतून विचार करणाऱ्या विद्यार्थ्याची इथे नेमकी कुठे अडचण होते ते मी स्वतःच्या चुकांवरून सांगू शकतो. पेडणे, डिचोली, सत्तरीत मराठी शाळेत शिकलेल्यांना त्यातला भाषेचा भाग कदाचित लागणार नाही, बाकीचा मात्र लागेल.

सगळ्या लेखात मी एकच आग्रह धरणार आहे: पोस्टिंगच्या काळात वीस रुग्ण अर्धवट पाहण्यापेक्षा एकाच रुग्णाकडे तीन वेळा जा. दाखल झाला त्या दिवशी, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, आणि घरी जाण्याच्या आदल्या दिवशी.

रुग्ण कुठून येतात

गोव्यातील वैद्यकीय शिक्षण जुने आहे. पोर्तुगीज राजवटीत १८४२ मध्ये इथे वैद्यक आणि शल्यचिकित्सा शिकवणारी शाळा सुरू झाली. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. मांडवीकाठची जुनी इमारत आज बहुतेकांना इफ्फी या चित्रपट महोत्सवामुळे माहीत असते आणि रुग्णालय बांबोळीच्या पठारावर राष्ट्रीय महामार्ग ६६ ला लागून आहे. वर्तमानपत्रांतला ‘गोमेकॉ’ तो हाच. राज्यातील गंभीर रुग्ण पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठलाही असो, शेवटी तिथेच येतो आणि सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले तसेच कारवारकडूनही माणसे येतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एकाच खोलीत शेजारी शेजारी सासष्टीतील रापणकार (रापणीच्या जाळ्याने मासे धरणारा), सत्तरीतील काजू बागायतदार, कर्नाटकातून आलेला बांधकाम मजूर आणि मालवणी बोलणारी आजी असू शकते. आजार एकच असला तरी चौघे तो चार तऱ्हांनी सांगतील.

पहिल्या दिवसाआधी

सर्वांत आधी कावीळ ‘ब’ ची लस. तिचे तीन डोस असतात, पहिला, त्यानंतर एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. म्हणजे पोस्टिंग सुरू झाल्यावर जाग आली तर उशीर झालेला असतो. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्या. ती १० mIU/ml किंवा त्याहून अधिक आली, तर तुम्ही सुरक्षित आहात असे मानतात. वर्गातील निम्मी मुले हे काम ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून ढकलत राहतात आणि एखाद्याला सुई टोचल्यावर सगळे एकदम रांगेत उभे राहतात.

सामान फारसे लागत नाही. स्टेथोस्कोप, छोटी टॉर्च, मोजपट्टी, रिफ्लेक्स हॅमर, सेकंदकाटा असलेले घड्याळ, खिशात मावणारी वही आणि दोन पेनं. दोन अशासाठी, की एक पेन पहिल्याच राऊंडला कोणी रेसिडेंट (वॉर्डात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर) मागून घेईल आणि ते परत येणार नाही. अॅप्रन मात्र तीन तरी शिवून घ्या, कारण जुलैमध्ये हॉस्टेलच्या दोरीवर धुतलेला अॅप्रन तीन-तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वासाचा अॅप्रन घालून आजारी माणसाच्या उशाशी उभे राहणे बरे नव्हे. बूट पुढून बंद असावेत. पावसात चपला सोयीच्या वाटतात, पण हातातून निसटलेली सुई सरळ पायावर पडते.

पहिली सकाळ

वॉर्डात शिरल्यावर डॉक्टरांना शोधण्याआधी सिस्टर-इन-चार्जना भेटा, नाव सांगा, कुठल्या युनिटला आणि किती दिवसांसाठी आलात ते सांगा. त्या वॉर्डात कोण काय करते, कोणत्या रुग्णाला आज त्रास द्यायचा नाही, कोणाला रात्रभर झोप लागलेली नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. केसपेपर उचलण्याआधी विचारा आणि जिथून उचलला तिथेच ठेवा. औषध देण्याच्या वेळी केसपेपर जागेवर नसेल तर होणारा गोंधळ विद्यार्थ्याला दिसत नाही. तो सिस्टर निस्तरतात आणि मग पुढच्या बॅचला दारातच त्याचे फळ मिळते.

आपल्या युनिटचा अॅडमिशन डे कोणता, ओपीडी (बाह्यरुग्ण विभाग) कोणत्या दिवशी, ओटी (शस्त्रक्रियागृह) कोणत्या दिवशी, हे तीन वार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अॅडमिशन डेच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा राऊंड सर्वांत मोठा असतो आणि शिकायला सर्वांत चांगलाही, कारण त्या दिवशी रुग्णांचे निदान अजून ठरायचे असते. प्रत्यक्ष पोस्टिंगला रोज साधारण तीन तास मिळतात. त्यांतला पहिला अर्धा तास दाराशी गप्पा मारण्यात जातो, असा माझा अनुभव आहे.

आता रुग्ण निवडणे. वॉर्डात ‘चांगली केस’ आल्याची बातमी फार लवकर पसरते. प्लीहा मोठी झालेला एखादा तरुण असतो आणि दुपारपर्यंत वीस जणांनी त्याचे पोट दाबलेले असते. एकविसावे होऊ नका. शेजारच्या खाटेवर साधा दमा, साधे पाय सुजणे, साधा मधुमेह घेऊन पडलेला माणूस बोलायला तयार असतो आणि त्याच्याकडे कोणी गेलेले नसते. परीक्षेतही बहुधा हीच साधी केस समोर येते.

बोलणे आणि ऐकणे

हिस्टरी घेणे म्हणजे प्रश्नावली भरणे, अशी समजूत घेऊनच बहुतेक जण येतात. पुस्तकातील क्रम पाठ असतो: मुख्य तक्रारी, त्यांचा कालक्रम, पूर्वीचे आजार, घरातील आजार, सवयी. क्रम बरोबरच आहे, पण तो तुमच्या वहीसाठी आहे. रुग्ण त्या क्रमाने आजारी पडलेला नसतो. म्हणून पहिला प्रश्न मोकळा विचारा आणि मग दोन मिनिटे घड्याळ लावून गप्प बसा. सुरुवातीला ती दोन मिनिटे फार लांब वाटतात.

परवानगी आधी घ्या. ‘मी विद्यार्थी आहे, शिकायला आलो आहे, तुमच्याशी थोडे बोलू का?’ इतके स्पष्ट सांगा. रुग्ण तुम्हाला ‘दोतोर’ म्हणून हाक मारेल तेव्हा मनातून बरे वाटेल, तरीही विद्यार्थी आहोत हे सांगायचेच. जेवणाचे ताट समोर असेल, नातेवाईक नुकतेच भेटायला आले असतील किंवा माणूस झोपलेला असेल, तर नंतर या.

आता भाषेविषयी. मराठी माणसाला कोकणी कळते, निदान कळल्यासारखी वाटते, आणि धोका तिथेच आहे. माझ्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. काणकोणकडच्या एक आजी होत्या. मी विचारले, काय होतेय? त्या म्हणाल्या, ‘म्हाका बरें दिसना रे पुता.’ मी वहीत लिहिले: दृष्टी मंद, तीन दिवस. मग चष्मा आहे का, कधी लागला, एका डोळ्याने की दोन्ही डोळ्यांनी, असे सगळे विचारले. टॉर्च काढून दोन्ही बाहुल्यांवर उजेड टाकला. आजी बिचाऱ्या सांगाल तिकडे पाहत होत्या. राऊंडला मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘तीन दिवसांपासून कमी दिसणे’ अशी मुख्य तक्रार वाचून दाखवली, तेव्हा सोबतची मडगावची मैत्रीण खाली मान घालून हसत होती. कोकणीत ‘बरें दिसना’ म्हणजे बरे वाटत नाही. आजींना तीन दिवसांपासून ताप होता आणि तो मी विचारलाच नव्हता, कारण डोळ्यांच्या मागे लागून माझा वेळ संपला होता.

तेव्हापासून मी वहीच्या शेवटच्या पानावर असे शब्द उतरवायला लागलो. ‘जाता’ म्हणजे जाते असे नसून होते. म्हणून ‘तुमकां कितें जाता?’ म्हणजे तुम्हाला काय होते. ‘म्हाका चलूंक जायना’ म्हणजे मला चालता येत नाही. यात ‘जाणार नाही’ असा हट्ट नसतो. ‘घुंवळ येता’ म्हणजे चक्कर येते, ‘न्हीद पडना’ म्हणजे झोप लागत नाही, ‘खोंकली’ म्हणजे खोकला. विचारायला ‘खंय दुखता?’, ‘केन्नासावन?’ आणि ‘पयलीं अशें जाल्लें?’ एवढी तीन वाक्ये आली तरी पुष्कळ काम होते. तालुक्यागणिक उच्चार बदलतात, म्हणून कळले नाही तर सरळ पुन्हा विचारा. आणि कोणत्याही भाषेत असो, रुग्णाने वापरलेला शब्द आधी जसाच्या तसा लिहा, त्याखाली तुमचा वैद्यकीय शब्द लिहा. ‘छातीत कळ’, ‘छाती भरून येते’ आणि ‘छातीवर दगड ठेवल्यासारखे’ या तिन्ही गोष्टी तुम्ही ‘छातीत दुखणे’ या एका शब्दात घातल्या, तर निदानाकडे जाणारी वाट तुम्हीच बुजवलीत असे समजा.

वयाने मोठ्या बाईंना मावशी किंवा आजी, ख्रिस्ती घरातल्यांना आंटी-अंकल, असे म्हटलेले इथे सहज चालते. कोकणीत घरगुती बोलण्यात ‘तू’ सर्रास येते, पण अनोळखी रुग्णाला विद्यार्थ्याने ‘तुमी’च म्हणावे. ‘खाट नंबर सात’ किंवा ‘ती लिव्हरवाली केस’ असा उल्लेख तर रुग्णाच्या कानावर पडता कामा नये. त्याला इंग्रजी कळत नाही असे गृहीत धरणारे गोव्यात हमखास तोंडघशी पडतात.

सवयींचे प्रश्न इथे जरा कौशल्याने विचारावे लागतात. ‘दारू पिता का?’ असे विचारले की ‘ना’ किंवा ‘मातशी’ (थोडीशी) एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘संध्याकाळी जेवणाआधी काही घेता का, काय घेता, किती?’ असे साध्या स्वरात विचारा आणि उत्तर मापात घ्या. फेणी की बिअर, क्वार्टर किती दिवस पुरते. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. मार्च ते मेमध्ये हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या ताज्या, सौम्य दारूचा, हंगाम असतो आणि एरवी न पिणारे काही जण तेव्हा पितात, हेही ध्यानात ठेवावे. आहाराचेही तसेच आहे. शीतकडी आणि सकाळची पेज हे सगळे सांगतील, पण पेजेत भात किती, दिवसाला पाव किती, चहात साखर किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्व राज्यांहून अधिक, २६.४ टक्के, आढळले. त्यामुळे मेडिसीन असो, सर्जरी असो की डोळ्यांचा वॉर्ड, साखरेचा प्रश्न प्रत्येकाला विचारायचाच.

तपासणी

पडदा ओढा, हात धुवा, तळवे चोळून ऊबदार करा आणि रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहा. पुरुष विद्यार्थी स्त्री रुग्णाला तपासत असेल, तर सिस्टर किंवा वर्गातील मैत्रीण पडद्याच्या आत हवीच.

सुरुवातीच्या महिन्यात दुर्मीळ खुणा शोधण्यापेक्षा चार साध्या गोष्टी बिनचूक करायला शिकावे. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेत, तर अनियमित नाडी हातातून निसटू शकते. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका, कारण सांगितले की माणूस श्वास बदलतो; मनगट धरून ठेवा, नाडी मोजत आहोत असे भासवा आणि नजर छातीवर ठेवा. मानेतील शिरेचा दाब पाहायला रुग्णाला ४५ अंशांत टेकवून बसवा. प्लीहा चाचपताना हात उजव्या ओटीपोटापासून सुरू करून तिरका वर न्या; थेट डाव्या बरगडीखाली हात घातला, तर फार मोठी झालेली प्लीहा हाताखाली असूनही तिची कडा सापडत नाही आणि आपण ‘हाताला लागत नाही’ असे लिहून मोकळे होतो.

मधुमेही रुग्णाचे पाय तपासताना मोजे काढायला लावा, बोटांच्या बेचक्यांत पाहा आणि मग खाली वाकून त्याच्या चपला उचलून बघा. एका बागायतदाराच्या चपलेच्या टाचेतून खिळ्याचे टोक वर आलेले मी पाहिले आहे. तळव्यावर त्याच जागी जखम होती आणि खिळा टोचतो हे त्याला कळलेलेच नव्हते. त्या चपलेने मला मज्जातंतूंचा विकार जितका नीट समजावला, तितका ट्युनिंग फोर्कने नंतर कधी समजावला नाही.

राऊंडला केस मांडणे

मांडणीची सुरुवात एका वाक्यात रुग्ण उभा करून करा: वय, काम, गाव, तक्रार आणि कालावधी. ‘अठ्ठावन्न वर्षांचे, सत्तरीतील काजू बागायतदार, पाच दिवसांपासून ताप आणि अंगदुखी’ एवढे ऐकले की शिकवणाऱ्यांच्या मनात शक्यतांची यादी तयार होते. काम आणि गाव गाळून फक्त ताप सांगितलात, तर ती होत नाही.

प्रश्न विचारला गेला आणि उत्तर ठाऊक नसेल, तर ‘विचारले नाही’ किंवा ‘तपासले नाही’ असे सांगा. थोडी बोलणी बसतील. मलाही बसली आहेत, आणि काही वेळा ती गरजेपेक्षा जास्त आणि रुग्णासमोर होती, जे मला आजही योग्य वाटत नाही. तरीही न तपासता ‘नॉर्मल’ म्हणणे हा या संपूर्ण काळातला सर्वांत मोठा अपराध आहे, असे माझे मत आहे. तो त्या दिवशी पचतो, पण पचला की सवय लागते, आणि दोन-तीन वर्षांनी इंटर्न म्हणून तुम्ही लिहिलेले ‘नॉर्मल’ वाचून कोणीतरी खरोखर औषध ठरवत असते.

दुसऱ्या भेटीचा उपयोग इथेच होतो. पहिल्या दिवशी सुटलेले प्रश्न घेऊन पुन्हा त्याच खाटेकडे जा. तोवर तपासण्यांचे निकाल आलेले असतात, औषध सुरू झालेले असते आणि रुग्णही तुम्हाला ओळखू लागलेला असतो. आधी दडवलेली गोष्ट माणसे बहुधा दुसऱ्या दिवशी सांगतात.

सुया, डबे आणि हात

प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे. सॅनिटायझरने वीस ते तीस सेकंद, साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद लागतात. हात दिसण्याइतपत मळले असतील तर सॅनिटायझर पुरत नाही.

रंगीत डब्यांचा नियम २०१६ पासून देशभर एकच आहे. रक्ताने भिजलेला कापूस आणि बँडेज पिवळ्यात. सलाईनच्या नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेली सिरिंज लाल डब्यात. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, भोसकल्या न जाणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. सुईला टोपण परत लावू नका. सुई टोचण्याचे बरेच प्रसंग त्याच क्षणी घडतात.

टोचलीच, तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस जमेल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, घ्यायचा असतो. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. ओरडा बसेल म्हणून लपवून ठेवणारा विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये एखादा तरी असतो आणि त्याचे हे बहात्तर तास लाजण्यात जातात.

ओटी आणि लेबर रूम

ओटीत जाण्याआधी पोटभर नाश्ता करा. उभे राहताना गुडघे ताठ धरू नका आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘मला बसायचे आहे’ असे म्हणून मागे सरका. पुढे, निर्जंतुक चादरींवर, कोसळणे सर्वांनाच महागात पडते. स्क्रब केल्यावर, म्हणजे शस्त्रक्रियेसाठी हात घासून धुतल्यावर, हात कोपरापेक्षा वर आणि छातीपुढे ठेवा. कशाला चुकून स्पर्श झाला असे वाटले, तरी बोला. कोणी पाहिले नसेल तर विशेषच बोला.

लेबर रूममध्ये विद्यार्थ्याला करण्यासारखे एक काम आहे, जे गर्दीत कोणालाच धड जमत नाही. आईच्या परवानगीने तिच्या पोटावर तळवा सपाट ठेवून दहा मिनिटे बसा. बोटांनी दाबू नका. पोट कडक होऊ लागले की घड्याळ बघा, सैल पडले की पुन्हा बघा. दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, ते लिहा. पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते ते नोंदवण्याच्या तक्त्यावर, हेच आकडे भरले जातात. त्या दहा मिनिटांत ती तुमचे मनगट घट्ट धरून ठेवेल. सोडवून घेऊ नका.

कॅज्युअल्टी आणि ऋतू

शक्य असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या रुग्णांच्या विभागात, थांबा. परवानगी मागितली तर बहुधा मिळते. तिथे भिंतीला टेकून उभे राहायचे, स्ट्रेचरची वाट मोकळी ठेवायची आणि जे सांगतील ते आणून द्यायचे.

गोव्यात तापाची हिस्टरी ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस डोक्यात ठेवा. शेतात अनवाणी उतरला होतात का, पायाला चीर होती का, हे विचारा, पोटऱ्या हलक्या हाताने दाबून दुखतात का पाहा आणि डोळ्यांत पू नसताना लाली आहे का बघा. बांधकामावर राहणारा माणूस असेल तर मलेरिया विसरू नका. ताप लांबला असेल, तर स्क्रब टायफसची काळी खपली काखेत, जांघेत, स्तनांखाली शोधावी लागते. रुग्णाला ती माहीतही नसते. आणि काजूच्या हंगामात सत्तरीतून ताप आला, तर माकडतापाची आठवण हवी. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा गोचिडींमधून पसरणारा आजार २०१५ मध्ये सत्तरीत पोहोचला. ‘काजी गोळा करायला रानात गेला होतात का? वाडीजवळ माकड मेलेले दिसले का?’ या दोन प्रश्नांना एक मिनिटही लागत नाही.

सर्पदंशाच्या रुग्णाजवळ विद्यार्थ्याला सोपवले जाणारे एक काम वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचे असते. साधारण दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नळीत घेऊन ती नळी वीस मिनिटे हलवायची नाही. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष रक्तात उतरले आहे असे धरून पुढचे उपचार ठरतात. सगळे अवघड आहे ते त्या वीस मिनिटांत. नातेवाईक ‘गोठलें?’ म्हणून विचारत असतात, तुम्हालाही नळी उचलून पाहावीशी वाटते, आणि मध्येच हलवलेली नळी काही खरे सांगत नाही. नळीवर वेळ लिहा, ती रॅकमध्ये ठेवा आणि तोवर दंशाच्या जागेची सूज जिथवर आली असेल तिथे पेनाने रेघ मारून तिच्यापुढे वेळ लिहा.

गावातली पोस्टिंग

सामुदायिक वैद्यकाच्या पोस्टिंगला मंडूरचे ग्रामीण आरोग्य केंद्र आणि सांताक्रूझचे शहरी केंद्र येते. या पोस्टिंगकडे सुट्टी म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना एवढेच सुचवेन, की वॉर्डातून घरी गेलेला तुमचा एखादा रुग्ण त्या बाजूचा असेल, तर त्याची औषधे चालू आहेत का ते केंद्रात विचारून पाहा. इन्सुलिन फ्रिजशिवाय कुठे ठेवतात, गोळ्या कोण मोजून देते, पावसात बस चुकली तर तपासणीची तारीख कशी हुकते, हे रुग्णालयात बसून कळत नाही.

बसमधले बोलणे

गोवा लहान आहे. बोलता बोलता दोन माणसांमागे नाते निघते. पणजी–मडगाव बसमध्ये मागच्या सीटवर बसून ‘आज एक केस होती’ असे सुरू केलेत, तर पुढच्या सीटवर त्या केसचा चुलतभाऊ असण्याची शक्यता बरीच आहे. नाव घेतले नाही तरी वाडा, धंदा आणि ऑपरेशन एवढे पुरते. एचआयव्हीची माहिती उघड करण्याविरुद्ध २०१७ चा कायदाच आहे. बाकीच्या आजारांतही हाच कायदा लागू आहे असे समजून वागा. वॉर्डात फोटो काढू नका. एक्स-रेचा सुद्धा, कोपऱ्यात नाव असते.

रुग्ण दगावला, तर विद्यार्थी म्हणून तुमच्याकडे कोणतेही काम नसते आणि म्हणूनच ते जड जाते. माझ्या दुसऱ्या भेटीच्या वेळी एकदा खाट रिकामी होती, गादी उलटी घालून वाळत ठेवलेली होती. मी कॅन्टीनमध्ये जाऊन बराच वेळ बसलो. संध्याकाळी रेसिडेंटना गाठून काय झाले ते विचारले. त्यांनी थकलेल्या आवाजात, पण सगळे नीट सांगितले. विचारा. न विचारता राहिले तर ते मनात अर्धवट राहते. झोप उडाली, जेवण जाईना, वॉर्डात पाय टाकवेना, असे आठवडाभर चालले, तर शिक्षकांशी किंवा मनोविकार विभागाशी बोलण्यात संकोच करू नका.

पोस्टिंगचा शेवट

हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागते, आणि लॉगबुक पूर्ण नसेल तर हजेरी असूनही अडते. लॉगबुक रोजचे रोज लिहा. शेवटच्या शुक्रवारी एकदम वीस नोंदी घेऊन जाणाऱ्याला सही मिळते, पण सही करणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या नोंदींविषयी काय वाटते तेही दिसते.

तिसरी भेट डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. डिस्चार्ज कार्ड तयार असेल, तर विचारून ते वाचा आणि तुमच्या पहिल्या दिवशीच्या पानाशी ताडून पाहा. तुम्हाला काय सापडले होते, काय सुटले होते, ते वहीत लाल पेनाने लिहा. मग रुग्णालाच विचारा, की घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची आहे. उत्तर चुकले, तर स्वतः दुरुस्त न करता सिस्टरना किंवा रेसिडेंटना सांगा. ‘उद्यापासून मी दुसऱ्या वॉर्डात आहे’ हेही रुग्णाला सांगून निघा, नाहीतर तो सकाळी तुमची वाट पाहतो.

सही घ्यायला ओटीच्या दिवशी जाऊ नका. ओपीडी संपता संपता, साधारण साडेबाराला, युनिटच्या खोलीबाहेर उभे राहा, पान उघडून ठेवा आणि पेन स्वतःचे न्या.